योनाभाऊंची एकमताची सभा

दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला योनाभाऊ गावीत आपल्या ओट्यावर सभा भरवायचे, आणि त्या सभेत प्रत्येक ठराव एकमताने मंजूर व्हायचा. व्हायचाच. सभेला माणूस एकच असायचा.

आधी ते ओटा झाडून घेत. मग दहा-बारा माणसं ऐसपैस बसतील एवढी चटई अंथरत. चटईच्या टोकाला चौरंग, त्यावर फडक्यात झाकलेली एक भाकरी आणि तांब्याभर पाणी. खाकी कोटाची सगळी बटणं लावून ते चटईसमोर उभे राहत आणि रिकाम्या चटईला हात जोडून म्हणत, "भाऊबहिनी बठ्ठा उनात, बरं वाटनं." म्हणजे, सगळे भाऊबहिणी आलात, बरं वाटलं. मग एक गाणं व्हायचं. चाल विलायती, शब्द त्यांचे स्वतःचे, आवाज मात्र सागाचा ओंडका करवतीखाली यावा तसा. गाणं झालं की भाकरीचा एक तुकडा, वर घोटभर पाणी, थोडी प्रार्थना, आणि मग कामकाज.

कामकाजाचा ठराव बाराही महिने तोच. योना जेठ्या गावीत यांना या शाखेचा मुख्य म्हणून कायम ठेवावं. ज्यांना मान्य असेल त्यांनी उजवा हात वर करावा. योनाभाऊ स्वतःचा उजवा हात वर करायचे, डाव्या हाताच्या बोटाने मोजायचे. मग विचारायचे, "कोनी विरोधमा शे का?" आणि थांबायचे. नुसतं दाखवायला नाही, चांगलं मिनिटभर. गल्लीच्या दोन्ही टोकांकडे मान वळवून बघायचे. कोणी नाही अशी खात्री पटली की वहीत लिहायचे: हजर – एक. हात – एक. विरोध – नाही. मंजूर.

हे नवापुरात चालायचं. तेव्हा नवापूर पश्चिम खानदेशात होतं आणि मी तिथल्या सरकारी लाकूड डेपोत कारकून होतो. मूळचा मी धानोऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. चार बुकं शिकलो म्हणून नांगर सुटला आणि टाक हातात आला, एवढीच माझी कर्तबगारी. योनाभाऊ त्याच डेपोत मापणीला होते. डांगातून, डोंगरातून गाड्या यायच्या; योनाभाऊ ओंडक्याची लांबी, घेर मापून ओरडायचे आणि मी लिहायचो. अर्धा इंच वर नाही, अर्धा इंच खाली नाही. ठेकेदार त्यांच्यावर जळायचे, पण करतात काय. एकदा एकाने विचारलं, असं केसभरही न सोडता मापायला तुम्हाला कोण सांगतं? योनाभाऊ म्हणाले, "तठे असंच शे."

'तठे' हा त्यांचा परवलीचा शब्द. अहिराणीत तठे म्हणजे तिथे. पण योनाभाऊंचं तठे म्हणजे एकच ठिकाण: सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत एका खाऱ्या तळ्याकाठी वसलेलं शहर. तिथे त्यांच्या धर्माचे लोक राहतात. त्यांना मॉर्मन म्हणतात. तठे कोणी दारू पीत नाही, तठे कोणी तंबाखू ओढत नाही, तठे वाळवंटात पाट काढून लोकांनी गहू पिकवला, तठे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं गाव उपास करतं. मी एकदा विचारलं, भाऊ, तुम्ही कधी गेला होतात का तिथे? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जावानं काय काम? लिखेल शे ना."

आमचं हे ध्यान मॉर्मन झालं कसं, हे सांगायला हवं. नवापूरच्या डोंगराकडच्या गावांत मावची लोकांची ख्रिस्ती घरं आहेत, त्यातलंच योनाभाऊंचं एक. पहिल्या महायुद्धात सरकारने मजुरांच्या पलटणी फ्रान्सला धाडल्या, त्यात विशीतले योनाभाऊ गेले. लढाई नव्हती नशिबात; आगगाडीतून पेट्या उतरवायच्या, रूळ टाकायचे. दर आठवड्याला माणशी सिगारेटी मिळत. योनाभाऊंची छाती नाजूक, ते आपल्या वाटच्या दुसऱ्याला देऊन टाकत. त्याच स्टेशनावर एक अमेरिकन शिपाई होता, एल्मर नावाचा, शेतकऱ्याचा मुलगा. तोही आपल्या सिगारेटी वाटून टाकायचा. हजार माणसांत फुकटच्या सिगारेटी नको म्हणणारे दोघंच. साहजिकच एकमेकांना शोधून काढलं.

दोघांची बोली खुणांची. एल्मरने जमिनीवर काडीने चित्र काढून तळं दाखवलं, पाट दाखवले. योनाभाऊंनी शेजारी नवापूरची रंगावली नदी काढली. सहा महिन्यांत योनाभाऊंना इंग्रजी वाचता येऊ लागलं, आणि थंडी ओसरताच एल्मरने त्यांना तिथल्या नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला. पाणी इतकं गार होतं की बाहेर आल्यावर योनाभाऊंना नवा जन्म मिळाला की जुना गेला हेच कळेना, असं ते स्वतःच सांगत. निघताना एल्मरने त्यांना आपलं निळ्या बांधणीचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, घरी पोचलो की तुझं नाव पटावर चढवतो. मग वाटा वेगळ्या झाल्या. योनाभाऊ नवापूरला आले ते एका जिल्ह्याएवढ्या मुलखात आपल्या धर्माचे एकटे होऊन. एल्मरच्या शेतावरच्या पत्त्यावर त्यांनी वर्षाला दोन पत्रं पाठवली. उत्तर एकाचंही नाही. योनाभाऊंची समजूत अशी की तठे टपाल मोठ्या तळ्याला वळसा घालून येत असेल.

घरात तरी सोबत असावी, तर तीही नाही. त्यांची बायको सोनाबाई जुन्या मंडळीतली, आणि तिने ती सोडली नाही. रविवारी नऊला नवरा ओट्यावर सभा भरवणार आणि दहाला बायको ठेवणीतलं लुगडं नेसून पाद्रीबाबांच्या देवळात जाणार. मधल्या वेळात सोनाबाई चहा पिणार. मॉर्मनांना चहा वर्ज्य. सोनाबाई तो उंबऱ्यात बसून प्यायच्या, फुरका ऐकू जाईल असा. कोणीतरी गावात उठवलं की या लोकांच्यात पूर्वी दोन-दोन, तीन-तीन बायका करायचे. बायाबापड्या हळहळत सोनाबाईंकडे गेल्या. सोनाबाई म्हणाल्या, "आनू द्या ना दुसरी. पानी भराले एक हात तरी वाढी." योनाभाऊंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. ती चाल आमच्यात केव्हाच बंद झाली, असं ते पुढचा महिनाभर डेपोतल्या गाडीवानांनासुद्धा सांगत होते.

हे 'आमच्यात' ऐकण्यासारखं असायचं. कुणी चहा पुढे केला की हात छातीशी नेऊन म्हणायचे, "नही भाऊ, आम्हनामा चालत नही." म्हणणारा माणूस आणि त्याचा समाज, दोन्ही एकाच कोटात मावायचे, पण ते असं काही म्हणायचे की मागे शंभर घरं उभी आहेत असं वाटावं. भाऊ तर ते सगळ्यांनाच म्हणत. डेपोत रेंजरसाहेब आले की आम्ही साहेब साहेब करत उठायचो आणि योनाभाऊ मापाची फीत गुंडाळत म्हणायचे, "राम राम, रेंजरभाऊ." साहेब पहिल्या दिवशी लालबुंद झाले. वर्षभराने बदली होऊन निघाले तेव्हा म्हणाले, गावीत, आता भाऊ कोण म्हणणार?

योनाभाऊंच्या ओट्यासमोर छगनशेठ वाण्याचं दुकान. चहाची भुकटी, विडी, तंबाखू, तपकीर: योनाभाऊंच्या धर्माला जे जे चालत नाही ते सगळं छगनशेठकडे रास्त भावात मिळे. माणूस गोल, मिस्कील, दिवसाला दहा कप चहा पिणारा. रविवारची सभा त्याला फुकटची करमणूक. एका रविवारी योनाभाऊंनी "कोनी विरोधमा शे का?" म्हणून गल्लीत पाहिलं, तर छगनशेठने गादीवरून हात वर केला. "मले वांधा शे."

दुकानातले चार लोक खदाखदा हसले. योनाभाऊ हसले नाहीत. त्यांनी वहीत 'विरोध – एक' असं लिहिलं, सभा तिथेच तहकूब केली आणि वही घेऊन समोर दुकानात जाऊन बसले. नियमच तसा होता. विरोध करणाऱ्याचं म्हणणं शांतपणे पूर्ण ऐकून घ्यायचं. छगनशेठ म्हणाला, अहो गंमत केली. योनाभाऊ म्हणाले, "गंमत व्हई. पन वांधा काय शे ते सांगा, मी लिखी लेस." छगनशेठला काहीतरी सांगणं भाग पडलं. त्याने योनाभाऊंच्या गाण्याचं नाव घेतलं. योनाभाऊंनी विचारलं, गाण्यातलं नेमकं कुठलं कडवं? आणि मग एकेक कडवं म्हणून दाखवलं. चारही कडवी, दोन-दोनदा. गिऱ्हाईक पांगलं. दुपारचं जेवण टळलं. तिसऱ्या प्रहरी छगनशेठने लेखी दिलं की आपला काही वांधा नाही, आणि त्यानंतर रविवारी नऊ ते दहा तो हात गुडघ्याखाली दाबून बसू लागला.

माझा आणि योनाभाऊंचा संबंध एवढ्यावरच राहिला असता, तर बरं झालं असतं असं मी तेव्हा म्हणत असे. पण त्यांच्यात एक रीत आहे. शाखेतल्या प्रत्येक घरी महिन्यातून एकदा दोन भावांनी भेटीला जायचं. उपदेश नाही, वर्गणी नाही. बसायचं, विचारपूस करायची, प्रार्थना म्हणायची, उठायचं. योनाभाऊंच्या शाखेत घर एकच, ते स्वतःचं. त्यांनी ठरवलं की मग गल्लीलाच शाखा धरावं. वीस घरं झाली. अडचण एकच होती, दुसरा भाऊ.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, भाऊ, मी तुमच्या धर्माचा नाही, मी चहा पितो, विडीही ओढतो. ते म्हणाले, "तुम्ही नुसता बसा. बोलानं काम मन्हं. एकला गया तं ती चौकशी व्हस, दोन गयात तं भेट." मी भिडस्त माणूस. एका महिन्यापुरतं म्हणून गेलो आणि अकरा वर्षं जात राहिलो.

प्रश्न ठरलेले तीन. बठ्ठं बरं शे ना? कोनासंगे अबोला तं नही ना? काही कमी शे का? सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली. मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोक ओटे सारवून वाट बघायला लागले. शिंप्याच्या घरी दोन सुना सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुसऱ्या प्रश्नाला दोघी एकदम "नाही" म्हणाल्या आणि आपण दोघी खोटं बोलतोय हे लक्षात येऊन एकदम हसल्या. झालं, संपलं भांडण. छगनशेठच्या घरी दर महिन्याला चहा यायचा आणि दर महिन्याला योनाभाऊंचा कपही मलाच प्यावा लागायचा. छगनशेठला ते फार लागायचं. माझ्या घरचं पाणी चालतं आणि चहा चालत नाही, हा काय न्याय, असं तो मला पुन्हा पुन्हा म्हणे.

पण खरी फजिती झाली माझीच. यादीत माझंही घर होतं. मी म्हटलं, इथे तरी सोडा, मी इथलाच आहे. योनाभाऊ म्हणाले नियम दोघांचा. मग मी त्यांच्याबरोबर बाहेर गल्लीत गेलो, वळून आलो आणि स्वतःच्या दाराची कडी वाजवली. वत्सलाने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आम्हा दोघांना बसायला पाट दिले. मी पाहुण्यासारखा आपल्याच घरात पाटावर बसलो. पहिले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला तिने माझ्याकडे न बघता योनाभाऊंना सांगितलं, "बठ्ठं शे भाऊ. एक बोलनंच कमी शे. ह्यासनं बोलनं कचेरीमाच सरी जास."

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हे ती मला कधी बोलली नव्हती, आणि बोलली असती तरी मी ऐकलं नसतं. पाहुण्याच्या पाटावर बसलो होतो म्हणून ऐकावं लागलं. त्या दिवसापासून संध्याकाळी डेपोतून आल्यावर मी तिला दिवसभराचं सांगू लागलो, आणि अजून सांगतो. योनाभाऊंचे माझ्यावर जे काही उपकार असतील त्यात हा पहिला.

आता मिरचीकडे येतो, कारण सगळं घडलं ते मिरचीने. योनाभाऊंच्या घरामागे मिरचीचा वाफा होता. पिकलं त्याचा दहावा भाग देवाच्या कामाला द्यायचा असा त्यांचा नियम, म्हणून वाळलेल्या मिरच्यांतली दर दहावी मिरची वेगळ्या मडक्यात जायची. ती 'तठेनी मिरची'. तिला घरात कोणी हात लावायचा नाही. घरात मडकंभर मिरची असताना सोनाबाई ऐन जेवणाच्या वेळी छगनशेठकडून मिरची आणायच्या आणि येता-जाता मडक्याकडे बघून बोलायच्या. वर्षाअखेरीला योनाभाऊ ती गल्लीतल्या अडल्यानडल्याला वाटून टाकत. पण मनात खंत, की हे तठे पोचत नाही. एका वर्षी त्यांनी निळ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून मुख्य कचेरीचा पत्ता उतरवला, आख्ख्या वर्षाची मिरची सोनाबाईंकडून कुटून घेतली, पत्र्याच्या डब्यात ठासून भरली, वर आपलं आणि एल्मरचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली, डबा मांजरपाटात शिवला, लाख लावली आणि पोस्टात नेला. आत काय आहे म्हणून पोस्टमास्तरांनी विचारलं. योनाभाऊंनी सांगितलं, देवाचा दहावा भाग. पोस्टमास्तर म्हणाले, असा रकाना नाही. तासभर वाद होऊन 'तिखट' यावर तडजोड झाली.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. सोळा वर्षांतलं पहिलं. योनाभाऊ लिफाफा फीत धरावी तसा दोन्ही हातांत आडवा धरून डेपोत आले. अक्षर हाताचं होतं, ते त्यांना लागेना, म्हणून मी वाचून दाखवू लागलो.

तिथल्या कारकुनाने लिहिलं होतं. माणूस माझ्यासारखाच असावा, कागदाला कंटाळलेला आणि मनाचा मोकळा. त्याने लिहिलं की तुमचा डबा पोचला. आम्ही तो उघडला. त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना बाहेर जावं लागलं आणि बर्फ पडत असताना आम्ही दुपारपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या. आजवर आमच्याकडे गहू, लोणी, कोंबड्या आलेल्या आहेत, पण असा दहावा भाग आला नव्हता. शिंका थांबल्यावर साहजिकच आम्ही विचारलं की हा बंधू कोण.

इथपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. पुढचं वाचताना माझा आवाज खाली आला. सगळे पट शोधले, तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही ज्यांचं नाव लिहिलंत ते एल्मर परत आलेच नाहीत. फ्रान्समध्येच, बोटीवर चढण्याआधी, इन्फ्लुएन्झाच्या तापात वारले. सोबत एक अर्ज धाडत आहे, तो भरून पाठवावा, मग विचार करता येईल.

योनाभाऊंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घालून खिशात ठेवलं आणि फीत उचलून पुढच्या ओंडक्याकडे गेले. त्या दिवशी मी मापं लिहीत होतो, पण ते ओरडत नव्हते, हळू सांगत होते. मला दरवेळी पुन्हा विचारावं लागत होतं.

त्या रविवारी मी मुद्दाम छगनशेठच्या दुकानात जाऊन बसलो. ओटा झाडला गेला, चटई अंथरली गेली, गाणंही झालं. पण भाकरीवरचं फडकं त्यांनी काढलं नाही. ठराव वाचला. ज्यांना मान्य असेल त्यांनी उजवा हात वर करावा. आणि योनाभाऊ हात खाली सोडून उभे राहिले. बराच वेळ. मग वही मिटली, चटई गुंडाळली. छगनशेठच्या हातातला कप तसाच राहिला. मी गल्ली ओलांडून गेलो आणि विचारलं. ते म्हणाले, "मन्हं नाव तठे नही. मंग हाऊ हात कोना म्हनीसन मोजू?"

मी म्हटलं, अर्ज आहे ना, भरा की. त्यांनी तो दाखवला. भरलेला होता. नाव, बापाचं नाव, जन्मगाव, बाप्तिस्मा कोणी दिला, कोणत्या नदीत, शाखेत माणसं किती: एक. सगळं वळणदार अक्षरात. शेवटचा रकाना तेवढा कोरा. तुमच्या घरी दर महिन्याला भेटीला येणाऱ्या दोन भावांची नावं.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे, आपण दोघं अकरा वर्षं भेटी देतोय, घाला माझं नाव. योनाभाऊ म्हणाले, "आपुन दुसरासना घर जातस, दशरथभाऊ. मन्हा घर कोन उना?"

मला फार लाज वाटली. अकरा वर्षं, वीस घरं, दर महिन्याला. शिंपी, सोनार, रेंजर, मी. आणि या माणसाच्या दारात, सगळं बरं आहे ना म्हणून, आमच्यापैकी एकही जोडी कधी गेली नव्हती. यादी त्यांनीच केली होती, त्यामुळे त्यात त्यांचं घर नव्हतं, आणि ते आम्हा कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला सोमवार. मी छगनशेठकडे गेलो आणि सांगितलं, चला, भेटीला जायचंय. कोणाकडे ते सांगितल्यावर त्याने दुकानाची फळी लावली. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या ती फळी मी प्रथमच लागलेली पाहिली. त्याने धुतलेली टोपी घातली आणि तोंडाला चहाचा वास नको म्हणून चूळ भरली. त्याची ही चूळ मला अजून आठवते.

आम्ही कडी वाजवली. योनाभाऊंनी दार उघडलं, आम्हा दोघांना पाहिलं आणि मागे सरले. आम्ही बसलो. सोनाबाई आत चुलीपाशी होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. बोलायचं काम माझं होतं, पण शेवटी छगनशेठच म्हणाला, "बठ्ठं बरं शे ना, योनाभाऊ?"

योनाभाऊंनी मान हलवली.

"कोनासंगे अबोला तं नही?"

नाही.

"काही कमी शे का?"

ज्या माणसाने हा प्रश्न वीस घरांत अकरा वर्षं विचारला होता, त्याने याचं उत्तर कधी तयार ठेवलं नव्हतं. ते कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सोळा वरीस व्हयनात, भाऊ. दर रविवारले हात वर करस आनि गल्लीमा देखस. लोकसले वाटस मी विरोध देखी ऱ्हायनू. मी दुसरा हात देखस. तो काही दिखना नही."

छगनशेठ मऊ माणूस. त्याने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे उजवा हात वर केला. योनाभाऊंनी तो हळूच खाली घेतला. "नही शेठ. मन्हावर दया करीसन नको. ज्याले मान्य शे त्यानीच वर कराना."

मग प्रार्थना झाली, त्यांनीच म्हटली. तीत एल्मर होता, त्याची आई होती, आमच्या दोघांचे आईबाप होते, तिकडचा तो शिंकलेला कारकूनही होता. आणि मग त्यांनी अर्ज काढून शेवटचा रकाना भरला. खोटं त्यांना चालणार नव्हतंच. लिहिलं: एक, दशरथ, हिंदू, चहा पितो. दोन, छगनलाल, जैन, चहा विकतो. आजच प्रथम आले. पुढच्या महिन्यात येतील असं वाटतं.

पुढचा रविवार. मी चहाच्या भुकटीचं निमित्त काढून पुन्हा दुकानात. ओटा, चटई, भाकरी, गाणं. ठराव वाचून झाला. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा. योनाभाऊ पुन्हा तसेच उभे, हात खाली. छगनशेठने आपले दोन्ही हात गुडघ्याखाली गच्च धरले होते. त्याला सांगितलेलं होतं. एवढ्यात उंबऱ्यातून सोनाबाई उठल्या. देवळात जायचं लुगडं नेसलेल्या, डाव्या हातात बशीसकट चहाचा कप. त्या चटईच्या काठावर आल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला.



"मले मान्य शे," सोनाबाई म्हणाल्या. "करा तुम्ही बी वर. मी एकलीच कितला येळ धरी ऱ्हासू? चहा थंडा व्हई ऱ्हायना."

योनाभाऊंचा हात वर गेला. नंतर त्यांनी विरोधाचं विचारलं, नियमाप्रमाणे, पण त्या दिवशी त्यांनी गल्लीत पाहिलं नाही. सोनाबाईंनी चहा संपवला, कप उंबऱ्यात ठेवला आणि आपल्या देवळात निघून गेल्या. दर रविवारी त्यांचा हा क्रम मग चालू राहिला. त्यांनी ना देऊळ सोडलं, ना चहा.

थंडीच्या सुरुवातीला तिकडून पत्र आलं. नाव पटावर चढलं होतं. खाली त्या कारकुनाने लिहिलं होतं की चहा पिणारे दोन भाऊ भेटीला येत राहोत, आणि पुढचा डबा पाठवलात तर आम्ही तो अंगणात उघडू. योनाभाऊंनी पत्र मला दाखवलं. मला वाटलं होतं ते गावभर दाखवत फिरतील, पण ते त्यांनी सभेच्या वहीत ठेवायला घेतलं. कुठल्या पानात ठेवावं म्हणून त्यांनी वही उघडली, पानं मागे उलटली आणि एका रविवारावर थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. हजर – एक. हात – दोन.